थंडी, तीन वाचने आणि मनी

आमच्या लहानपणी कोजागिरीचे आटीव दूध पिऊन झाले, की दुसऱ्या दिवसापासून घरात थंडीविरुद्ध मोहीम सुरू होई. आई ट्रंकेतून माझा कानटोप काढी, ओव्याची पुरचुंडी शिवी, खिडक्यांच्या फटींत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबी. अण्णा अडुळशाची पाने घेऊन येत. हे सारे माझ्यासाठी. मला दमा होता. इतर मुलांना थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी आणि ऊस. मला थंडी म्हणजे रात्री दोन वाजता उशीला टेकून बसणे आणि छातीत वाजणारी पेटी ऐकत उजाडण्याची वाट पाहणे. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत जन्मलेल्या मुलाच्या छातीत पेटी वाजावी हे गावच्या लौकिकाला शोभणारेच आहे, असे अण्णा म्हणत; पण ते दिवसा. रात्री दोन वाजता ते काही म्हणत नसत. माझ्या पाठीवरून हात फिरवीत बसून राहत.

अशा माणसाने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पावसाळा पुरता ओसरला नाही तोच थंडीची वाट पाहू लागावे, याचे आमच्या घरात सर्वांना नवल वाटते. मी ट्रंकेतला (आता कपाटातला) कोट काढून उन्हात टाकला. त्याची दोन बटणे लागत नाहीत, हे आरशापुढे उभे राहून पाहिले. सौ. म्हणाल्या, "थंडीची वाट पाहताय की शाल-श्रीफळाची?"

त्याचे असे आहे, की डिसेंबरात माझे एक पुस्तक निघणार आहे आणि त्या पुस्तकातले लेख मी तीन गावी वाचून दाखवणार आहे. पहिले वाचन ठाण्याला, दुसरे नाताळच्या सुट्टीत नाशिकला आणि तिसरे जानेवारीत सांगलीला. तिन्ही ठिकाणी बोलावणारी मंडळी भली आहेत. त्यांनी जाण्यायेण्याचा खर्च देऊ केला आहे आणि नाशिकच्या चिटणिसांनी तर "आपल्याला पथ्यपाणी काय?" असेही विचारले आहे. असा प्रश्न लेखकाला कोणी विचारला, की आपण मोठे झालो असे त्याला वाटते. म्हातारे झालो असे त्याच्या बायकोला वाटते.

आपल्याकडे ऐकण्याला ऋतू आहेत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, ती उन्हाळ्यातली. तिथे विचार ऐकायला जायचे. गोष्ट ऐकायला मात्र थंडीच बरी. माणसे शालींत गुरफटून जवळ जवळ बसतात, पंख्यांची घरघर नसते आणि कार्यक्रम संपल्यावर मिळणाऱ्या चहाच्या आशेने का होईना, शेवटपर्यंत थांबतात. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे कथाकथनासाठी गावोगाव हिंडत, तेव्हाच्या गर्दीच्या आठवणी आमच्या पिढीला अजून पुरतात. मिरासदारांची एक गोष्ट मी कॉलेजात असताना ऐकली होती. हसून हसून शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या मांडीवर थाप मारल्याचे आठवते. ते गृहस्थ आमचे गणिताचे नवे प्राध्यापक निघाले.

तिकडे इंग्लंडात चार्ल्स डिकन्सने १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये आपली 'ख्रिसमस कॅरोल' लोकांना वाचून दाखवली. ती धर्मादाय होती. १८५८ पासून तो स्वतःसाठी पैसे घेऊन वाचू लागला आणि मग त्याला वाचनाचे असे वेड लागले, की डॉक्टरांनी नको म्हटले तरी थांबेना. १८७० च्या मार्चमध्ये त्याने शेवटचे वाचन केले आणि जूनमध्ये तो गेला. ही हकीकत मी सौ.ना मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, "तुमची तीनच आहेत ना?"

पुस्तक आहे घरातल्या जनावरांवर. ज्यांनी ज्यांनी हे ऐकले, त्यांतल्या निम्म्या लोकांनी मला एकच प्रश्न केला : "पु. ल. देशपांड्यांनी 'पाळीव प्राणी' लिहून ठेवल्यावर आता तुम्ही काय लिहिणार?" प्रश्न रास्त आहे. पण मला वाटते, प्रत्येक मराठी लेखकाचा आरंभ शाळेत गाईवरच्या निबंधाने झालेला असतो. गाईला चार पाय असतात, हे मी तिसरीत लिहिले तेव्हा ते माझ्याआधी कोणी लिहिले आहे काय, याची चौकशी केली नव्हती. आता कशाला करू?

पुस्तकाला नाव शोधताना मात्र फार हाल झाले. प्रकाशकांना 'माझे मुके सोबती' हवे होते. मी म्हणालो, आमच्या घरातला एकही प्राणी मुका नव्हता. पोपट तर आजीच्या आवाजात आजोबांना हाक मारी आणि आजोबा दचकून विडी विझवीत. (वन्यजीव कायद्याने आता आपला पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. आमचा पोपट त्याआधीच पिंजरा उघडा राहिल्याने उडून गेला होता, म्हणून लिहायला हरकत नाही.) मग मी 'चार पायांचे आप्त' सुचवले. त्यावर मुद्रिते तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिले, 'पोपटास दोन पाय, माशांस मुळीच नाहीत.' शेवटी 'उंबऱ्याशी' हे नाव ठरले. जनावर घरात असले तरी त्याची खरी जागा उंबऱ्याशीच असते. आत यायचे की बाहेर जायचे हे त्याचे कधी ठरत नाही, आणि आपणही ते ठरवू देत नाही.

त्यात वाड्यातला मोती आहे. तो पोस्टमनवर रोज भुंके आणि मग त्याच्याच मागून सगळी पेठ हिंडून येई. आमच्या चिरंजिवांच्या फ्लॅटमधला ब्रूनो आहे. त्याला फक्त इंग्रजी कळते. मी "बस रे बाबा" म्हणालो तर तो माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहतो. काचेच्या पेटीतले मासे आहेत, एक कासव आहे. हे सारे लेख वाचायला सोपे. कुठे थांबायचे, कुठे हशा येईल, हे मला ठाऊक झाले आहे.

रोज दुपारी चार वाजता मी तालीम करतो. श्रोते दोन : सौ. आणि भिंतीवरचे घड्याळ. सौ. भाजी निवडीत असतात. घेवड्याच्या शेंगांच्या शिरा ओढण्याचा वेग मंदावला, की लेख रंगतो आहे असे मी समजतो. मोतीच्या लेखाला त्यांनी एकदा शेंग हातात धरून ठेवली होती. यापेक्षा मोठी दाद मला पस्तीस वर्षांच्या लेखनात मिळालेली नाही.

एक लेख मात्र वाचताना अडतो. त्याचे नाव 'पिशवी'. तिसऱ्या पानावर आलो, की माझा आवाज बसतो; मी चष्मा पुसतो, पाणी पितो आणि उद्या पाहू म्हणून कागद मिटतो. प्रकाशकांना नेमका तोच लेख तिन्ही ठिकाणी वाचायला हवा आहे. "लोक रडतील हो," ते म्हणाले. लोकांचे मला माहीत नाही. मला भीती एकाच माणसाची होती, आणि ते माणूस सांगलीच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणार आहे.

ही माझी ताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न सांगलीतच झाले, आजही सांगलीतच असते. मुलगा आणि सून नोकरीवर गेली, की घरात एकटी. वाचनालयातून रोज एक पुस्तक आणणार आणि दिवाळी आली की अंकांच्या यादीवर सर्वांआधी नाव घालणार. भावाचा कार्यक्रम आपल्या गावी ठरला, हे कळल्यापासून तिने भजनी मंडळातल्या झाडून सर्व बायकांना निमंत्रण करून ठेवले आहे. आणि तो लेख तिच्या मांजराचा आहे.

मनी आमच्या घरी आली १९६६ च्या पावसाळ्यात. कृष्णेला पाणी चढले होते आणि घाटाकडच्या एका वखारीत हळदीच्या पोत्यांवर हे भुरे पिल्लू ओरडत बसलेले ताईला दिसले. तिने ते परकराच्या ओच्यात घालून आणले. आजीचे सोवळे, आईची कुरकुर, दुधाच्या पातेल्यावर ठेवायचा दगड, हे सगळे यथासांग झाले. पण षष्ठीदेवीचे वाहन मांजर असते आणि ती देवी मुलाबाळांना राखते, असे कोणी पुराणिकबुवांनी आजीला सांगितले, तेव्हापासून आजीचा विरोध मावळला. मनी रात्री ताईच्या पायाशी झोपे. ताई अभ्यासाला बसली, की ती बरोबर उघड्या पुस्तकावर येऊन बसे. ताईला भूगोलात कमी गुण पडत, ते मनीमुळे, असे ती अजून सांगते.

पुढच्या वर्षी थंडी लागता लागता माझा दमा फार बळावला. दाखवले तेव्हा डॉक्टरांनी घरात मांजर आहे काय, असे विचारले. असेल तर ते आधी घालवा, म्हणाले. मी दहा वर्षांचा होतो. ताई चौदा वर्षांची. अण्णांनी घरी येऊन आईला सांगितले, आईने आजीला सांगितले. ताईला कोणी सांगायचे? मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इथे घंटा ताईच्या गळ्यात बांधायची होती. कोणी पुढे झाले नाही.

तेव्हा पहिल्यांदा अण्णा एकटेच गेले. सायकलला पिशवी अडकवून आयर्विन पूल ओलांडला आणि पलीकडे सांगलवाडीत मनीला सोडून आले. पूल १९२९ सालचा, भक्कम दगडी कमानींचा. माणसांसाठी आणि गाड्यांसाठी बांधलेला. पण मांजरालाही तो चालतो, हे अण्णांच्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मनी मागच्या दारात हजर. पाय चिखलाने भरलेले, एक कान फाटलेला. ताईने तिला पोटाशी धरले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, "बघा, माझी मनी मला सोडून जायची नाही." अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. ते त्यांनी अधिक वर धरले.

दुसऱ्या वेळी अण्णांनी नृसिंहवाडी निवडली. कार्तिकातली पौर्णिमा होती, १९६७ सालची. या निवडीमागे त्यांचा विचार होता, आणि तो मला आजही त्यांच्या स्वभावाचा सारा गाभा वाटतो. वाडीला दूधदुभते पुष्कळ; पेढे, बासुंदी, नैवेद्य; तिथे मांजर उपाशी मरणार नाही. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे आजी म्हणे. सोडण्याला प्रायश्चित्त नाही. पण अण्णांना सोडण्याचेही वाटत होते, म्हणून जागा देवाची निवडली. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, मांजर नसते, हे मी त्यांना बोलून दाखवले होते. ते म्हणाले, "एक वाढलं तर दत्ताला जड नाही."

त्यांनी मला बरोबर घेतले, कारण पिशवी धरायला कोणी तरी हवे होते. बसायला जागा मिळाली आणि मांडीवर ती जाड कापडाची पिशवी, तोंड सुतळीने बांधलेले. अंकलीचा पूल येईपर्यंत मनी गप्प होती. पुलावर गाडी चढली आणि तिने असा काही आवाज काढला, की पुढच्या बाकावरच्या आजीबाई वळून पाहू लागल्या. अण्णा खोकले. मनी पुन्हा ओरडली. अण्णा पुन्हा खोकले. कंडक्टर तिकिटाचा पंच वाजवीत आमच्यापाशी येऊन थांबला. त्याने पिशवीकडे पाहिले, अण्णांकडे पाहिले आणि विचारले, "ह्याचं अर्धं तिकीट फाडू का?" आणि तेवढ्यात अण्णांनी, जन्मात कधी चारचौघांत गायले नव्हते त्या अण्णांनी, डोळे मिटून दत्ताचे भजन सुरू केले. पौर्णिमेची गाडी ती. सगळे वाडीलाच निघालेले. आजीबाईंनी टाळ्या धरल्या, मागच्या बाकावरून कोणी झांजा काढल्या आणि उदगाव, जयसिंगपूर, शिरोळ, साऱ्या वाटेने ती अख्खी गाडी भजन म्हणत गेली. त्या गजराखाली माझ्या मांडीवर एक जीव धडपडत होता. त्याचे ओरडणे मला एकट्याला ऐकू येत होते. ऐकू तरी कसले, मांडीला कळत होते.

इथपर्यंत आले की श्रोते हसतील. मलाही बसचा प्रसंग लिहिताना हसू आले होते. पुढचे पान घाटाचे आहे.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई अंगणात तुळशीपुढे त्रिपुरवात लावत होती. तिने वर न पाहता विचारले, "मनी दिसली का रे कुठं? सकाळपासून नाही." मी म्हणालो, "नाही." आयुष्यात खोटे मी पुष्कळ बोललो आहे, चौतीस वर्षे नोकरी केली आहे; पण तो एक शब्द उच्चारताना तोंडाला आलेली कोरड अजून आठवते. नंतर अण्णांनी मला परसात नेऊन सांगितले, "तिला कळू द्यायचं नाही. तुझ्यासाठी केलं हे कळलं, तर ती जन्मभर तुझ्यावर राग धरील."

तीन आठवड्यांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. सांगलीत भांडी मांडण्यांवरून खाली आली, आढ्यातून माती गळली आणि आम्ही सगळे अंगावरच्या पांघरुणांनिशी बोळात धावलो. कडाक्याची थंडी. मला श्वास घेववत नव्हता, आईने मला पदराखाली घेतले होते. शेजारीपाजारी आपापली माणसे मोजत होते. ताईनेही मोजली. आजी, आई, अण्णा, बाळू. मग ती एकदम रडू लागली आणि म्हणाली, "मनी कुठं असेल हो अण्णा?" अण्णांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. अण्णांनी आपल्या अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यांवर टाकली आणि ते तसेच सदऱ्यावर उजाडेपर्यंत उभे राहिले.

माझा दमा मनी गेली म्हणून गेला नाही. पुढची सहा वर्षे तो होताच. नंतर आपण होऊन कमी झाला. अण्णा मात्र त्या वर्षापासून दर पौर्णिमेला वाडीला जाऊ लागले. देवभक्ती वाढली, असे आई म्हणे. मी काही विचारले नाही. १९९४ मध्ये ते गेले, तेव्हाही आम्हां दोघांत तो विषय निघाला नव्हता. ताईने सासरी उंदरांचा सुळसुळाट असतानाही मांजर पाळले नाही. "आपल्या जिवाला लागतं आणि ती निघून जातात," असे म्हणाली होती. मी तेव्हा शेजारी बसून तिच्या हातचा चहा पीत होतो. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणतात ते हेच.

(डिकन्सला मांजरांचे वेड होते. बॉब नावाचे त्याचे मांजर गेल्यावर त्याच्या मेहुणीने १८६२ साली त्या मांजराचा पंजा पत्रे फोडायच्या हस्तिदंती सुरीला बसवून त्याला दिला. ती सुरी न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीत जपून ठेवलेली आहे. मी हे वाचले तेव्हा अंगावर काटा आला, आणि नंतर वाटले, निदान त्याच्याजवळ पंजा तरी होता.)

तेव्हा सांगलीच्या सभागृहात, भजनी मंडळाच्या देखत, माईकवरून ताईला हे कळावे काय? शिवाय हा दिवाळी अंक तिच्या हाती पडायला जानेवारीही लागणार नव्हता. संपादकांना लेख कबूल केला होता. नवरात्रात मी मुद्रिते पिशवीत घातली (कापडीच) आणि सांगलीला गेलो.

दुपारची वेळ. ताई परातीत तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "ताई, एक लेख वाचून दाखवायचा आहे." ती म्हणाली, "वाच की." मी वाचला. सौ.पुढे जो लेख मला कधी पुरा वाचता आला नव्हता, तो त्या दिवशी न अडता वाचला गेला. कसा ते सांगता येत नाही. तिचे हात थांबले नाहीत. खडे काढायचे, बाजूला ठेवायचे. सौ.च्या शेंगांवरून मला अंदाज येतो, ताईच्या तांदळांवरून काही कळेना. बसच्या प्रसंगाला ती हसलीसुद्धा. "अण्णा गायले?" म्हणाली.

लेख संपला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दूध वाटीत नव्हते ठेवत मी. बशी होती. निळ्या काठाची."

मी समासात टिपून घेतले.

"आणि महिनाभर लिहिलंयस. शिमग्यापर्यंत ठेवत होते."

तेही टिपले.

"पिशवीतून काढल्यावर पळाली का रे लगेच?"

मी लेखात लिहिले होते, की ती औदुंबराकडे पळत गेली आणि दिसेनाशी झाली. हे वाक्य मी चार वेळा घासूनपुसून लिहिले होते. प्रकाशकांना ते फार आवडले होते. ताईने परात बाजूला सारून माझ्याकडे पाहिले, आणि मग मी ते सांगितले. अण्णांनाही ते ठाऊक होते, आणखी कोणाला नाही. मनी पळाली नाही. ती आमच्या मागून आली. पायऱ्या चढून, पेढ्यांच्या दुकानांसमोरून, गाडीच्या थांब्यापर्यंत. अण्णांनी पाय आपटला, हात उगारला. पण त्यांना पुढे काही करवेना. ते तोंड फिरवून उभे राहिले. तेव्हा दगड मी उचलला. लहानच होता. तिला लागला.

ताई उठून आत गेली. स्टोव्हवर भांडे ठेवल्याचा, मग बराच वेळ कसलाच नाही, मग कपांचा आवाज आला. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पुस्तक छापून झालं का?"

"नाही. शेवटची मुद्रिते आहेत."

"मग ते घाल त्यात."

एवढेच. राग धरला की नाही, हे तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. संध्याकाळी तिने मला भडंगाची पुडी बांधून दिली, ती मात्र नेहमीपेक्षा मोठी नव्हती आणि लहानही नव्हती.

प्रकाशक वैतागले. पुस्तक बरोबर दहा फॉर्मांत, एकशे साठ पानांत बसले होते. आता अर्धे पान वाढले. अर्ध्या पानासाठी नवा फॉर्म घालणे त्यांना परवडणारे नाही, हे मलाही समजते. तेव्हा औदुंबराचे ते सुंदर वाक्य काढले आणि पोपटाच्या लेखातली आजोबांची विडी गाळली. नाशिककरांनी किंवा ठाणेकरांनी विडीची चौकशी केली, तर ती तोंडी सांगेन.

ठाण्याची मला आता काळजी नाही. नाशिकला वाचनालयाची परंपरा १८४० पासूनची. तिथले लोक चांगल्या-वाईटाला सरावलेले आहेत, सांभाळून घेतील. सांगलीचे मात्र अवघड. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून हे गाव रंगमंचापुढे बसून आहे. बोलणाऱ्याचा गळा खरा दाटला की दाटवून आणला, हे तिथल्या शेवटच्या रांगेलाही कळते. ताईने मला बजावले आहे, की आधी मोतीचा लेख वाचायचा, लोकांना हसू द्यायचे, आणि मग तो. "आणि पाणी जवळ ठेव. मध्ये थांबलास तर मी काही उठून यायची नाही."

भाऊबीजेला मी तिच्याकडे जाईनच. पण जानेवारीतल्या त्या दिवसाचा बेत तिने आताच ठरवला आहे. कार्यक्रम संध्याकाळी सहाला आहे. सकाळी आम्ही दोघांनी वाडीला जायचे. मी म्हणालो, भाचा मोटारीने नेईल, तासाभरात पोहोचू. त्यावर ती म्हणाली, "मोटार कशाला? एस.टी.नं जाऊ." सकाळची गाडी किती वाजता सुटते, ते तिने स्टँडवर जाऊन विचारून ठेवले आहे.